मूठभर उंदीर

उंदराशी आपले नाते मोठे चमत्कारिक आहे. गणपतीच्या पायाशी तो लाडू धरून बसला की आपण त्याला गंधफूल वाहतो, आणि तोच रात्री फडताळात खुडबुडू लागला की माळ्यावरचा पिंजरा शोधू लागतो. पूजा आणि पिंजरा ह्यांच्यामध्ये त्याच्याकडे स्वस्थपणे पाहण्याची वेळ आपल्यावर सहसा येत नाही. ऐन दिवाळीत, घरोघर फराळाचे डबे भरलेले असताना उंदराचा विषय काढणे म्हणजे गृहिणींचा रोष ओढवून घेणे आहे, हे मी जाणतो. पण ह्या बारक्या प्राण्याने मला एका जुन्या प्रश्नापाशी आणून बसवले आहे, आणि तो प्रश्न घरातला, कुळातला, सणासुदीच्या पंक्तीतलाच आहे. माझे जे वेगळेपण मी 'माझे' म्हणून मिरवतो, त्यात खरोखर माझे किती?

मराठीत आपण लहानमोठ्या साऱ्यांनाच उंदीर म्हणतो. मला येथे अभिप्रेत आहे तो बोटभर लांबीचा, करड्या अंगाचा, लांब शेपटीचा घरउंदीर. त्याचे मूळ घर आपल्या उपखंडाच्या वायव्येस, इराणच्या बाजूला कोठेतरी असावे, असा बऱ्याच अभ्यासकांचा कल आहे. माणूस एका जागी राहू लागला, दाणागोटा साठवू लागला, तसा हा त्याच्या आसऱ्याला आला. पुढे माणसाने गलबते बांधली आणि दाण्याच्या पोत्यांबरोबर, गवताच्या भाऱ्यांबरोबर हाही त्यांत चढला. त्याला कोणी बोलावले नव्हते, आणि जहाजाच्या कोणत्याही यादीत त्याची नोंद झाली नाही. पण त्यामुळे कोणाच्याही मनात नसताना एक मोठा प्रयोग घडून आला. जगातल्या कितीतरी बेटांवर एकाच जातीचे मूठमूठ प्राणी उतरले, भोवतीच्या समुद्राने त्यांचा परतीचा रस्ता बंद केला, आणि पुढे त्यांचे काय होते हे माणसाला पाहता आले.

वेल्सच्या नैर्ऋत्य किनाऱ्यासमोर स्कोकहोम नावाचे एक बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम अडीचशे एकर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे ससे पकडणारे लोक येत-जात असत. त्यांच्या सामानातून काही घरउंदीर बेटावर उतरले आणि तेथलेच झाले. सुमारे सत्तर वर्षांनी आर. जे. बेरी नावाच्या संशोधकाने त्यांच्या वंशजांच्या हाडांचा बारकाईने अभ्यास केला आणि १९६४ साली तो प्रसिद्ध केला. बेरी ह्यांनी पाहिली ती अगदी क्षुल्लक लक्षणे. कवटीत शिरा आणि मज्जातंतू जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. एखाद्या उंदरात अमुक ठिकाणी एक छिद्र असते, एखाद्यात दोन असतात, एखाद्यात ते नसतेच. उंदराच्या जगण्यामरण्याशी ह्या गोष्टीचा फारसा संबंध दिसत नाही; पण ही लक्षणे पिढ्यान् पिढ्या उतरतात. बेरी ह्यांना असे आढळले की समोरच्या किनाऱ्यावरच्या उंदरांत ह्या लक्षणांचे जे प्रमाण आहे, त्याहून बेटावरचे प्रमाण पुष्कळच निराळे आहे. केवळ सत्तर वर्षांत इतका फरक कसा पडला? बेरी ह्यांचे उत्तर असे की तो सत्तर वर्षांत हळूहळू पडलेला नाही. तो बहुतांशी पहिल्याच दिवशी पडला. बेटावर जे थोडे उंदीर उतरले, ते किनाऱ्यावरच्या साऱ्या उंदरांचा खरा नमुना नव्हतेच.

ही गोष्ट समजायला फराळाचा डबा पुरेसा आहे. मोठ्या डब्यात चिवडा भरलेला आहे. त्यात पोहे आहेत, शेंगदाणे, डाळे, खोबऱ्याचे काप आहेत आणि थोडे काजूही आहेत. एका मुलाने डोळे मिटून त्यातून मूठ भरून घेतली. मुठीत सात शेंगदाणे आले, खोबऱ्याचे दोन काप आले, काजू एकही आला नाही. आता अशी कल्पना करा की ती मूठच वाढत वाढत पुन्हा डबाभर झाली. तो दुसरा डबा ज्या घरात जाईल तेथले लोक म्हणतील, 'त्यांच्याकडे चिवड्यात काजू घालायची रीत नाही.' वास्तविक काजू न घालण्याचा निश्चय कोणी केलेला नव्हता. तो मुठीत आला नाही, एवढेच. अर्न्स्ट मायर ह्या जीवशास्त्रज्ञाने १९४२ साली ही कल्पना स्पष्टपणे मांडली. नवी वसाहत थोड्या जिवांपासून सुरू झाली की त्या थोड्यांचे योगायोगाने आलेले गुणदोष साऱ्या वंशाचे गुणदोष होऊन बसतात. पुढे कडक हिवाळा आला, बरेचसे उंदीर मेले, मोजके राहिले, की पुन्हा एकदा मूठ भरली जाते. योगायोगावर योगायोगाची पुटे चढत जातात आणि शेवटी एक निराळाच प्राणी आपल्यासमोर उभा राहतो.

हे वाचताना मला माझ्या एका आत्याची आठवण झाली. घराण्याच्या नाकाचा तिला भारी अभिमान. कोणाचेही बारसे असो, ती पाळण्यात वाकून आधी नाक बघायची. "बघ, आपल्या घराण्याचं नाक!" ती म्हणायची. "अगं आत्या, ह्या वयात सगळ्यांचीच नाकं बटणासारखी असतात," असे मी म्हणालो की ती मान उडवायची. "तुला नाही कळायचं. रक्तात असावं लागतं ते."

आमचे खापरपणजोबा कोकणातून घाट चढून वर आले, ते एकटेच. त्यांचे तीन भाऊ खालीच राहिले. त्या तिघांची नाके कशी होती, हे आज कोणालाच ठाऊक नाही. चौघांपैकी जो घाट चढला त्याचे नाक ते घराण्याचे नाक. दुसरा कोणी चढला असता आणि त्याचे नाक बसके असते, तर आत्याने बसक्या नाकाचा अभिमान धरला असता, आणि तो इतक्याच मनापासून धरला असता. तिला हसण्याचा माझा उद्देश नाही. नाकाच्या जागी स्वभाव घाला, बुद्धी घाला, आवाज घाला, भाषेचा हेल घाला. आपण सगळेच ह्या ना त्या पाळण्यात वाकून पाहत असतो. जे मुठीत आले त्याला आपण निवड म्हणतो, आणि जी निवड कोणी केलीच नाही तिला पुण्याई म्हणतो.

कोणी म्हणेल, सगळाच योगायोग कसा असेल? घराण्यात, समाजात काही गुण मुरतात ते त्यांनी सोसले म्हणून, झगडले म्हणून. हा आक्षेप रास्त आहे, आणि उंदरांच्या जगात त्याला दाखलाही आहे. दक्षिण अटलांटिक महासागरात गॉफ नावाचे बेट आहे. केपटाऊनपासून ते अडीच हजारांहून अधिक किलोमीटर दूर पडते. एकोणिसाव्या शतकात सील मारणारी जहाजे तेथे येत. त्यांतून घरउंदीर उतरले. आज तेथला उंदीर वजनाने आपल्या फडताळातल्या उंदराच्या जवळजवळ दुप्पट भरतो. रानात राहणाऱ्या घरउंदरांत जगात त्याच्याहून मोठा नाही. हा केवळ भरपूर खाण्याचा परिणाम असेल, असे आपल्याला वाटेल. म्हणून अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन येथील ब्रेट पेसर आणि त्यांचे सहकारी ह्यांनी गॉफचे उंदीर प्रयोगशाळेत आणून वाढवले. तोच दाणा, तोच पिंजरा, तीच ऊब. तरी गॉफची पिले मोठीच होत गेली. मुख्यभूमीच्या वंशातल्या उंदरांशी त्यांचा संकर करून २०१५ साली त्यांनी दाखवले की हा मोठेपणा एका जनुकात साठवलेला नाही. तो गुणसूत्रांवर अनेक ठिकाणी थोडा थोडा विखुरलेला आहे, आणि मुख्य फरक पडतो तो जन्मानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत.

शंभर-दोनशे वर्षांत इतका फरक नुसत्या योगायोगाने पडणे कठीण. थंडी, मांजर-घुबडांचा अभाव, खाण्यात वाटेकरी नसणे, अशा कारणांनी तेथे थोराड उंदरांची पिले अधिक जगली असावीत. पण म्हणून हा उंदरांचा पराक्रम झाला का? एकाही उंदराने मोठे होण्याचे ठरवले नाही. जे मोठे होते ते उरले आणि जे लहान होते ते मेले. उरलेल्यांनी आपल्या उरण्याला गुण म्हणावे, तर मेलेल्यांची बाजू मांडायला कोणी राहिलेले नाही. शिवाय तो गुण तरी कोठे स्वयंभू आहे? जेथे मांजर दबा धरून बसते तेथे बारीक भोकात चटकन शिरणारा लहानखुरा उंदीर शहाणा ठरेल. गुण म्हणून आपण ज्याची पूजा करतो तो बहुधा प्राण्याचा आणि जागेचा जमलेला मेळ असतो. जागा बदलली की तोच गुण दोष होतो.

गॉफच्या उंदरांची कथा येथे संपत नाही. तेथे ट्रिस्टन अल्बट्रॉस नावाचा प्रचंड समुद्रपक्षी घरटी करतो. जगात तो जवळजवळ ह्या एकाच बेटावर अंडी घालतो. त्याचे पिलू उंदराच्या दोनशे-तीनशेपट वजनाचे असते. पण जमिनीवरून शत्रू येतो हेच त्या पक्ष्याच्या हजारो पिढ्यांना माहीत नाही. रात्री उंदीर येतात आणि बसल्या जागी पिलाला कुरतडतात, आणि पिलू उठतसुद्धा नाही. चालू शतकाच्या आरंभी हे छायाचित्रांत पकडले गेले, तेव्हा पक्षितज्ज्ञ हादरून गेले. निरनिराळ्या समुद्रपक्ष्यांची मिळून दरवर्षी वीस लाखांच्या आसपास अंडी-पिले अशी नष्ट होतात, असा अंदाज आहे. शेवटी २०२१ साली हेलिकॉप्टरांतून विषारी दाणा टाकून बेट उंदीरमुक्त करण्याचा मोठा प्रयत्न झाला. त्याच वर्षी डिसेंबरात एक जिवंत उंदीर दिसला, आणि प्रयत्न फसल्याचे कळून चुकले.

ह्या प्रसंगात अपराधी कोण? उंदीर नव्हे, तो भुकेला होता आणि त्याच्यापुढे अन्न होते. पक्षी तर नव्हेच. ज्यांच्या जहाजातून तो आला ते खलाशीही नव्हेत म्हणावे, तर त्यांना आपण काय करतो आहोत ह्याची जाणीव नव्हती; आणि ते आज जाब द्यायला हयातही नाहीत. आपल्याकडे एक चांगला शब्द आहे : निस्तरणे. ज्याने घोळ घातला त्याने तो निस्तरावा. तो नसेल तर त्याच्या मागे राहिलेल्यांनी. मला वाटते, माणसाने तेथला घोळ निस्तरणे हे माणसाचे कर्तव्य आहे, आणि त्यासाठी उंदीर मारावे लागतील हेही मी नाइलाजाने मान्य करतो. पण ती शिक्षा आहे असे मात्र कोणी म्हणू नये. ज्याला त्याच्या वेगळेपणाचे श्रेय देता येत नाही, त्याला त्याच वेगळेपणाचा दोष तरी कसा देणार? श्रेय आणि दोष एकाच तागडीत बसतात. एक उचलले की दुसरेही उचलले जाते.

आतापर्यंत समुद्राने अडवलेल्या उंदरांबद्दल बोललो. पण अडवायला समुद्रच लागतो असे नाही. मदैरा हे पोर्तुगालचे अटलांटिकमधले बेट आहे. मध्ये उंच डोंगर, समुद्राकडे उतरणारे उभे कडे, त्यांच्यामध्ये खोल दऱ्या, आणि दऱ्यांतून माणसांची वस्ती. घरउंदराच्या पेशीत साधारणतः ४० गुणसूत्रे असतात. जानिस ब्रिटन-डेव्हिडियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली असे प्रसिद्ध केले की ह्या एका बेटावर घरउंदरांचे सहा निरनिराळे वंश आहेत, आणि गुणसूत्रांची संख्या काहींत २२ पर्यंत खाली आली आहे. उंदीर ह्या बेटावर येऊन फार तर हजार वर्षे झाली असतील.

ह्यातली मौज अशी की गुणसूत्रे कमी झाली म्हणजे काही हरवले असे नव्हे. दोन दोन गुणसूत्रे टोकाशी जुळून एक झाली. प्रवासाला निघालेल्या दोन कुटुंबांपाशी तेच कपडे, तीच भांडी आहेत. एकाने ती चाळीस पिशव्यांत भरली, दुसऱ्याने बावीस गाठोडी बांधली. सामान तेच. नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला हा भेद कळायचाही नाही. पण निरनिराळ्या बांधणीच्या उंदरांची संतती झाली की तिच्या शरीरात गुणसूत्रांच्या जोड्या लावताना गोंधळ उडतो, आणि पुढे पिले होणे अवघड होऊ शकते. म्हणजे आरंभी केवळ डोंगराने अडवले होते. आता डोंगर सपाट केला तरी अडसर राहील, कारण तो शरीरात उतरला आहे. भेद सामानात नाही, गाठोड्यात आहे. आणि तरी तो खरा आहे. हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

त्याचे कारण उघड आहे. आपण तर समुद्र आणि डोंगर दोन्हींवाचून बेटे तयार केली. एकाच गावात, एकाच विहिरीचे नसले तरी एकाच नदीचे पाणी पिऊन, आपण शतकानुशतके लग्ने मात्र 'आपल्यातच' केली. माणसाला उंदराच्या पंक्तीला बसवण्याचा माझा हेतू नाही, पण मूठ भरण्याचा नियम दोघांनाही सारखाच लागू पडतो. इरावती कर्वे आणि कैलाश मल्होत्रा ह्यांनी १९६८ साली महाराष्ट्रातल्या एकाच दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा एका नावाखाली मोडणारे गटही परस्परांहून वेगळे असल्याचे दिसून आले. पुढे जनुके थेट वाचता येऊ लागली. हैदराबादच्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी मिळून २०१३ साली दाखवले की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात ह्या देशातले लोक सर्वदूर एकमेकांत मिसळले होते, आणि त्यानंतर ते मिसळणे थांबत गेले. २०१७ साली दक्षिण आशियातल्या २६३ गटांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ८१ गटांत मूठभर पूर्वजांचा ठसा इतका ठळक आहे, की फिनलंडचे लोक आणि पूर्व युरोपातून आलेले यहुदी, ज्यांची उदाहरणे ह्या बाबतीत जगभर देतात, तेही मागे पडावेत. ह्या ८१ गटांत दहा-दहा लाखांहून मोठे समाजही आहेत.

ह्या ठशाचा उच्चनीचतेशी काडीचाही संबंध नाही. त्याचा संबंध आहे तो दवाखान्याशी. एखादा दुर्मीळ दोष मुठीत आला असेल तर तो त्या समाजात दुर्मीळ राहत नाही. आईकडून आणि बापाकडून तोच दोष एकत्र आला की मूल आजारी जन्मते. आजोबांनी कुळाच्या शुद्धतेसाठी घातलेल्या कुंपणाची किंमत नातू मोजतो, आणि आजोबांच्या तसबिरीला हार घालताना हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

मग मिसळावे हेच निसर्गाचे सांगणे आहे काय? तसेही नाही. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यासमोर आइल ऑफ मे नावाचे छोटे बेट आहे. तेथले उंदीर फार काळ एकटे राहून एकमेकांसारखेच झाले होते. १९८२ साली बेरी आणि त्यांचे सहकारी ह्यांनी ऑर्कनी द्वीपसमूहातल्या ईडे बेटावरून काही डझन उंदीर आणून तेथे सोडले. थोड्याच वर्षांत पाहुण्यांची जनुके बेटभर पसरली. यजमान आणि पाहुणे असा भेद करणे कठीण झाले. उलट उत्तर समुद्रातल्या जर्मनीच्या हेल्गोलांड बेटाची गोष्ट पाहा. तेथे शतकानुशतके जहाजे लागत आली, प्रवासी येत राहिले. त्यांच्याबरोबर उंदीरही आले असणारच. पण तेथले मूळचे उंदीर आपले वेगळेपण राखून राहिलेले आढळतात. हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडच्या केर्गेलेन बेटांवरही असेच दिसले : जे आधी आले त्यांनी जागा धरली, मागून आलेल्यांचा मागमूस राहिला नाही.

तेव्हा, संकर चांगला असे म्हणणाऱ्याला एक बेट सापडेल आणि शुद्धता चांगली म्हणणाऱ्याला दुसरे. जो निसर्गाकडे उपदेश मागायला जातो तो स्वतःचेच म्हणणे ऐकून परत येतो. निसर्ग काय घडते ते सांगतो. काय करावे हे सांगण्याचे काम त्याने अंगावर घेतलेलेच नाही. ते आपल्याकडेच राहते. मला हे जरा गैरसोयीचे वाटते, पण त्याबरोबरच दिलासा देणारेही वाटते. आपण एकमेकांशी कसे वागावे हे जर गुणसूत्रांत लिहिलेले असते, तर भल्याबुऱ्याचा प्रश्नच उरला नसता.

ह्यावर कोणी असे म्हणेल, की वेगळेपण योगायोगाचे आहे, त्यात श्रेय नाही, त्यात उपदेश नाही, तर मग ते राहिले काय आणि गेले काय? येथे मी अडतो. आणि मला अडवणारे बेट आहे सेंट किल्डा.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, शेवटच्या वस्तीच्या बेटांपासूनही सुमारे पासष्ट किलोमीटर आत समुद्रात हा खडकाळ बेटांचा पुंजका आहे. तेथे शेकडो वर्षे माणसे राहिली. समुद्रपक्षी पकडून, मेंढ्या पाळून, थोडे धान्य पिकवून. त्यांच्या घरांतून एक घरउंदीर राहत असे. तो इतका वेगळा झाला होता, की १८९९ साली प्राणिशास्त्रज्ञांनी त्याला स्वतंत्र नाव दिले. बेटावर रानउंदीरही होता, आणि तो आजही आहे. तोही मुख्यभूमीवरच्या आपल्या भाऊबंदांहून पुष्कळ मोठा. पण घरउंदराचे सारे जगणे माणसाच्या चुलीशी आणि कणगीशी बांधलेले होते. वस्ती घटत गेली, आजार आणि उपासमार वाढली, आणि शेवटी उरलेल्या ३६ माणसांनी स्वतःच विनंती केल्यावरून २९ ऑगस्ट १९३० रोजी सरकारी जहाजाने त्यांना मुख्यभूमीवर नेले. चुली थंड झाल्या. थोड्याच वर्षांत तो घरउंदीर नाहीसा झाला. रिकाम्या घरांतून रानउंदीर वावरू लागले.

त्या घरउंदराने आपले वेगळेपण कमावले नव्हते. तो कोणा खलाश्याच्या सामानातून आलेल्या चार-दोन जिवांचा वंशज. त्याच्याविना जगाचे काही अडले नाही. तरी तसा प्राणी आता पुन्हा होणार नाही, हे कळल्यावर मनाला काहीतरी लागते. ते का लागते ह्याचा मी विचार केला, तेव्हा मला असे वाटले की मोल आणि श्रेय ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्यांची नेहमी गल्लत करतो. एखादी वस्तू मोलाची असायला ती कोणी पराक्रमाने मिळवलेली असावी लागत नाही. आजीची ओवी मोलाची आहे. ती माझ्या कर्तृत्वाने माझ्याकडे आलेली नाही. दुसऱ्याच्या आजीची ओवी तितक्याच मोलाची आहे, आणि तीही त्याने कमावलेली नाही. ठेव म्हणून सांभाळावे, पदक म्हणून छातीवर लावू नये, असेच आपले बहुतेक वेगळेपण असते. ठेव सांभाळणारा माणूस दार उघडायला भीत नाही. पदक लावणाऱ्याला मात्र दुसऱ्याची छाती मोजल्यावाचून चैन पडत नाही.

उंदीर आणि आपण ह्यांच्यात फरक आहे तो येथे. बेटावरच्या उंदराला आपण बेटावर आहोत हेच ठाऊक नसते. त्याने समुद्र घातला नाही, आणि त्याला तो बुजवताही येत नाही. आपले समुद्र पुष्कळदा आपण घातलेले असतात. पत्रिका कोणाकडे न्यायची, पंक्तीला कोणाला बोलवायचे, कोणाच्या मुलाने आपल्या अंगणात खेळायचे, असे लहान लहान निर्णय घेऊन आपण ते रोज थोडे थोडे भरत असतो. मुठीत काय आले ह्याबद्दल मला कोणी जाब विचारू नये. तो अन्याय होईल. पण मूठ मिटलेली का ठेवली, हे मला विचारता येईल, आणि ह्या प्रश्नाचे उत्तर माझ्या पूर्वजांनी नव्हे, मी दिले पाहिजे.

सेंट किल्डाचे लोक निघाले त्या सकाळी त्यांनी प्रत्येक घरात बायबलची एक प्रत उघडून ठेवली आणि शेजारी ओटच्या दाण्यांची लहानशी रास ठेवली, असे सांगतात. ती त्यांनी देवासाठी ठेवली की घरासाठी, हे त्यांचे त्यांना ठाऊक. खाणारे मात्र घरात एकच उरले होते. जाताना त्यांच्यापुढे मूठभर दाणे ठेवले गेले, एवढी गोष्ट तरी त्या साऱ्या कथेत माणसाने आपल्या हाताने केलेली आहे.